दगडाबाई वॉटर सप्लाय

ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी आहे. माझ्या कटिंग मशीनवर हात ठेवून सांगतो. (माझं पोट त्या मशीनवर आहे, त्यामुळे त्याची शपथ मी खोटी घेत नाही.) दोन हजार सोळाच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, मुकुंदवाडी स्टेशनमागच्या मोकळ्या मैदानात हे सगळं भरदुपारी घडलं, आणि मी ते माझ्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे एकाच डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्यात शाम्पू गेला होता. पाराही एक्केचाळीस असेल. आणि खरं सांगायचं तर यातला एक भाग मी बनवलेला आहे. कोणता ते शेवटी सांगतो, मध्ये विचारायचं नाही.

मी रामहरी. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली माझं दुकान आहे, 'सृष्टी रेडियम आर्ट'. (सृष्टी माझी मुलगी. रेडियम आम्ही कुठल्याही स्टिकरला म्हणतो. आर्टबद्दल मी काही बोलत नाही.) दुकानांच्या काचा, रिक्षांच्या पाठी, दवाखान्यांच्या वेळा, सगळं मी कापतो आणि चिकटवतो. लोकांना वाटतं, यात काय अवघड आहे! या धंद्यात फक्त दोन गोष्टी ठरवायच्या असतात, व्हायनल कोणतं आणि पाणी कोणतं. मी दोन्ही चुकीच्या ठरवल्या.

व्हायनल म्हणजे तो चिकट पाठीचा प्लास्टिकचा कागद. साधं व्हायनल जाडसर आणि स्वस्त, ते सपाट काचेवर लावावं. दुसरं असतं कास्ट. ते पातळ, मऊ आणि महाग, पण गाडीच्या गोलाईवर अंगच्या कातडीसारखं बसतं. आता पाणी. मोठं अक्षर कोरडं लावायला गेलं तर जिथं टेकलं तिथंच चिकटतं, मग वाकडं गेलं तर जन्मभर वाकडं. म्हणून आधी फवारा मारायचा, त्या ओलाव्यावर अक्षर तरंगत ठेवायचं, जागेवर सरकवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खालचं पाणी बाहेर ढकलायचं. त्यासाठी कंपनीचं तयार द्रावण बाटलीत मिळतं. आम्ही मात्र साध्या पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकतो. (एका उन्हाळ्यात मी उसाचा रस वापरून पाहिला होता. मुंग्यांनी दोन दिवसांत एका दातांच्या डॉक्टरांची पदवी खाल्ली.)

तर त्या मे महिन्यात माझा मेहुणा बन्सी दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "दाजी, टँकर घेतला!"

"नवा?"

"जुना. गंगापूरकडच्या तात्यासाहेबांचा. ते वारले की."

"कशानं?"

"उचकी लागली."

"उचकीनं माणूस मरतो होय रे?"

"दोन दिस लागली ना, दाजी. घरच्यांनी पाणी पाज पाज पाजलं. मग पाणी संपलं."

"टँकरवाल्याच्या घरात पाणी संपलं?"

"टँकर फेरीवर गेलता," बन्सी म्हणाला.

मला हसू आलं. बन्सीला आलं नाही. त्यानं कागद पुढं केला. टँकरवर त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं नाव टाकायचं होतं. 'दगडाबाई वॉटर सप्लाय'. ('वॉटर सप्लाय' आधीचंच रंगवलेलं होतं, नाव तेवढं बदलायचं.) उद्या अक्षय्य तृतीया, सकाळी टँकरची पूजा आणि लगेच पहिली खेप. ज्या दिवशी आपण पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवतो, त्या दिवशी एका मेलेल्या माणसाच्या टँकरवर एका जिवंत बाईचं नाव. हे तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी अक्षरांचा आकार मोजत होतो.

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मामी तेव्हा माझ्याच घरी होत्या. गावातली विहीर आटली की त्या मुकुंदवाडीला लेकीकडं यायच्या. जन्म मेंढरांमागं गेलेला, चौऱ्याहत्तर वर्षांचं वय आणि आवाज असा की टीव्हीवर बातम्या देणाऱ्या माणसाला शिव्या घालायला लागल्या तर तोही अडखळतो असं वाटायचं. येताना सोबत दोनच गोष्टी असायच्या, तपकिरीची डबी आणि तांब्याचा गडू. त्या गडूत गंगाजल होतं. माझे सासरे खंडेराव यांनी हयातीत एकदाच रेल्वेनं लांबचा प्रवास केला, तो काशीचा, आणि हा तोंडबंद गडू आणला. मरताना त्यातला थेंब जिभेवर पडला पाहिजे, एवढं एकच मागणं मामींनी आयुष्यात देवाकडं केलं होतं. (बाकीची मागणी त्या माझ्याकडं करायच्या.)

"माझ्या आईचं नाव आहे," अंबिका म्हणाली. अंबिका माझी बायको. "नीट लावा. गळालं-बिळालं तर बघा."

औरंगपुऱ्यातच मुनीरचाचांची व्हायनलची पेढी आहे. मी साध्या लाल व्हायनलचा रोल उचलला. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"किसकू लगाना है?"

"टँकरला."

"गोल टाकी पे? ये नक्को. ये काच का माल है. गोल पे खींच के लगाते, फिर धूप में वापस सिकुडता. इसकू याद रहता, मियाँ."

"काय याद रहता?"

"के मैं पहले सीधा था," चाचा म्हणाले. "कास्ट ले जाओ. वो सब भूल जाता."

लक्षात ठेवणारं व्हायनल आणि विसरणारं व्हायनल. मी लक्षात ठेवणारं घेतलं, कारण ते स्वस्त होतं, आणि मेहुण्याच्या कामाला महाग माल लावायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तयार द्रावणाची बाटलीही चाचांनी पुढं केली. ती मी परत मागं केली.

घरी आलो आणि बायकोकडं अर्धा लिटर पाणी मागितलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाण्याच्या टाकीला कुलूप होतं आणि किल्ली अंबिकाच्या मंगळसूत्रात होती. आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. चूळ भरलेलं पाणीही मी कुंडीत टाकतो की नाही यावर पाळत असायची.

"टँकरला पाणी?" ती म्हणाली. "पाण्याच्या टँकरला आपल्या घरातलं पाणी?"

"अगं, तो रिकामा आहे. पहिली खेप उद्या आहे."

"मग थुंकीनं चिकटवा."

"दहा फूट नाव आहे."

"मग दमादमानं थुंका."

(कोपऱ्यावरच्या टपरीत पाण्याची बाटली मिळत होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक घटनांचं कारण हेच आहे.)

दुपारी अंबिका शेजारी गेली, मामी भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या, आणि मी देवघरासमोर उभा राहिलो. मी वाईट माणूस नाही. मी स्वतःला म्हणालो, हे पवित्र पाणी आहे, टँकरला लागलं तर टँकर पवित्र होईल. मामींना अजून वीस वर्षं काही होत नाही, तोवर आपण हळूच नवं आणून ठेवू. झाकणाला मेण लावलेलं होतं. गुलाबी मेण, वाढदिवसाच्या मेणबत्तीसारखं. काशीचे लोक रंगीत मेण वापरतात, असं कौतुक वाटून मी ते चाकूनं काढलं, पाणी फवाऱ्याच्या बाटलीत ओतलं आणि मेण काडीपेटीनं वितळवून पुन्हा तसंच लावून टाकलं.

मैदानात टँकर एकटा उभा होता. दोनचा सुमार. त्या उन्हाची एक गंमत असते, त्यात आवाज मरतात. कुत्रं नाही, कावळा नाही, रूळ चाकूसारखे चमकत होते. मी पाण्यात शाम्पू टाकून बाटली हलवली. फेस आला नाही. अख्खी पुडी ओतली, तरी फेस नाही, नुसतं दह्यासारखं फाटलं. गंगाजलाला शाम्पू चालत नसणार, म्हणून मी कान पकडले आणि फवारा मारला. (तेव्हाच वारा फिरला आणि डोळा गेला.) अक्षरं ताणून बसवली, पट्टी फिरवली. द, ग, डा, बा, ई. लालभडक, सरळ. मी मागं सरून पाहत होतो, तेवढ्यात टँकरच्या मागच्या पाइपातून आवाज आला.

"उक्."

टँकर कोरडा होता. मी सामान उचललं आणि घरी जाताना पळालो नाही. भरभर चाललो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, पहिली खेप गेली. मामींनी स्वतःच्या नावावरून हात फिरवला. वाचता येत नव्हतं, पण विचारलं, "ह्ये मीच व्हय?" बन्सी म्हणाला, "व्हय, आई." त्या दिवशी त्यांनी टीव्हीवाल्याला एकही शिवी घातली नाही, इतक्या त्या खुशीत होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी 'द' गळाला.

बन्सी रोज साडेबाराला टँकर मैदानात लावून आमच्याकडं जेवायला यायचा. मी माझं काम पाहावं म्हणून तिकडून चक्कर मारली, तर 'द' खाली धुळीत पालथा पडलेला. उचलून पाहिला. पाठीवर पांढरी भुकटी होती. बोटाला लागली, राखेसारखी. मग वर पाहिलं आणि तोंडातली सुपारी गिळली. 'द' च्या जागी दुसरं अक्षर होतं. फिकट निळ्या रंगावर थोड्या गडद निळ्या रंगाचं, जसं काही आतून उगवलेलं.

'ता'.

"उक्," पाइप म्हणाला.

घरी आलो तर मामी जेवत होत्या. मी मामींकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कसं वाटतंय?" मी विचारलं. मामी अर्धी भाकरी टाकून उठल्या. "आई पहिल्यांदाच जेवताना उठली," अंबिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी 'ग' गेला आणि तिथं 'त्या' उगवला. त्या दुपारी मामींनी टीव्ही लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी 'डा' गेला, 'सा' आला. मामींनी तपकिरीची डबी अंबिकाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ठिव तुला." अंबिका रडायला लागली. डॉक्टर बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, छाती पाहिली आणि काही नाही म्हणाले. काही नाही म्हटल्यावर तर आमच्या घरात आणखीच रडारड झाली.

आता तुम्ही म्हणाल, नवं अक्षर का नाही लावलं? लावलं की. नवा 'द' कापला, कोरडाच लावला, दहा मिनिटं दाबून धरला. हात काढला आणि तो पालीसारखा पटकन खाली पडला. त्या पत्र्यावर आता काहीच धरत नव्हतं. बन्सीही घाबरला होता. एका सोसायटीतल्या बायकांनी टँकरवरचं 'तात्यासाबाई' हे नाव वाचून, भुताटकी नको म्हणून खेप परत पाठवली होती. "दाजी, तात्यासाहेब परत यायलेत," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "आईच्या नावावर बसायलेत. पाच अक्षरं तेंची, पाच आईची."

मी मोजली. ता, त्या, सा, हे, ब. खरंच पाच.

आणि मला एकट्यालाच माहीत होतं की हे का होतंय. मामींचं मरणाचं पाणी मी त्यांच्याच नावाखाली लावलं होतं. पाणी आपलं काम करत होतं. रोज एक अक्षर.

चौथ्या दिवशी 'बा' गेला. मामी पडल्या पडल्या म्हणाल्या, "अंबे, माझा गडू नीट हाय ना?"

गडू रिकामा होता! तसाच मैदानात गेलो, टँकरच्या तोटीखाली गडू धरला आणि भरला. पाइप माझ्या कानाशी उचकी देत होता. मेण लावून गडू देवघरात ठेवला तेव्हा लक्षात आलं की मी काय केलंय. आता मामींच्या जिभेवर तात्यासाहेबांच्या टँकरचा थेंब पडणार होता.

पाचव्या दिवशी मी साडेबाराच्या ठोक्यालाच मैदानात हजर झालो. 'ई' अजून होता. एका कोपऱ्यानं उचलला गेला होता आणि वारा नसताना हलत होता. मी तळहात त्याच्यावर दाबला. पत्रा तव्यासारखा तापला होता. पण सोडायचं नाही असं ठरवलं. डावीकडं चार गडद अक्षरं माझ्याकडं बघत होती. तात्यासाहे. एकच अक्षर उरलं होतं आणि ते माझ्या हाताखाली होतं.

बन्सी धावत आला. "दाजी, चला! आईनं समद्यांना बोलावलंय. गडू बी मागितलाय."

"मी येऊ शकत नाही."

"का?"

"हात काढला तर तुझी आई जाईल."

बन्सीनं माझ्या हाताकडं पाहिलं, हाताखालच्या 'ई' कडं पाहिलं, बाकीच्या चार अक्षरांकडं पाहिलं. दुसरा कोणी असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. बन्सी फक्त म्हणाला, "मग काढू नका. टँकरच घिऊन चलतो."

पाइप ठेवायच्या लोखंडी पट्टीवर मी पाय रोवले, एका हातानं शिडी धरली, दुसरा 'ई' वर, आणि टँकर निघाला. बन्सी हॉर्नवर हात ठेवूनच चालवत होता. मुकुंदवाडीच्या अर्ध्या वस्तीनं मला त्या दिवशी टँकरला चिकटून जाताना पाहिलं आहे. कोणीही हसलं नाही. एक जण तेवढा सायकल थांबवून कळवळून म्हणाला, "लिकेज दाबून धरलंय का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"धरा, धरा. लई पुण्याचं काम."

टँकर आमच्या गल्लीत शिरला. आता त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं. तो वाजला की माणूस जेवणावरून उठायचा, पूजेवरून उठायचा. एकदा एक नवरदेव हळदीच्या पाटावरून कळशी घेऊन उठला होता. दारं धडाधडा उघडली. हंडे, ड्रम, बादल्या, घागरी, पोरं. आणि सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, कमरेला कळशी लावून, शेजारणीला कोपरानं मागं सारत कोण होतं?

"ए पारूबाई, सरक मागं! माझा नंबर हाय!"

मामी.

मी हात कधी काढला ते मला कळलंच नाही. 'ई' सुटला, गिरक्या घेत खाली आला आणि मामींच्या पायाशी पडला. गल्लीत शांतता पसरली नाही, कारण कोणाचंच लक्ष नव्हतं. माझंच फक्त होतं. मामींनी 'ई' वर पाय दिला, पाइप ओढला आणि कळशी भरली. मग दुसरी भरली. टँकरवर आता पाचही अक्षरं स्पष्ट दिसत होती, तात्यासाहेब, आणि त्यांच्या खाली दगडाबाई पारूबाईशी भांडत होत्या.

दोन कळश्या घरात नेऊन ठेवल्यावर त्यांना आठवलं की आपण मरायला टेकलोय. त्या उंबऱ्यावर बसल्या. अंबिका आतून गडू घेऊन आली.

"अंबे, बस," मामी म्हणाल्या. "ह्या पाव्हण्यालाबी बसव. मला बोलायचं हाय. त्या गडूत गंगा नाय."

म्हणजे यांना कळलं होतं तर!

"तीन साल झालं," मामी खाली बघत म्हणाल्या. "त्येरा सालचा दुष्काळ. टँकर पाच दिस आला नाय. तू पाण्यापायी वणवण फिरायलीस, आन् हिकडं सृष्टीला उलट्या सुरू झाल्या. पोरीचे डोळे पांढरे झाले. घरात टिपूस नाय. मी गडूचं तोंड फोडलं. मीठ-साखर घालून समदं तिला पाजलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "समदं नाय. घोटभर उरलं, त्याचा च्या केला. टाकायचं कशाला?"

"आई..." अंबिका म्हणाली.

"मग हापशाचं खारं पाणी भरलं, आन् पोरीच्या वाढदिवसाच्या मेणबत्तीनं तोंड लिंपलं. तुझ्या बापानं आणलेलं हुतं ना. सांगायची लाज वाटली. आता ह्ये पाव्हणं रोज भरदुपारी येऊन माझ्याकडं टक लावून बघत्यात, 'कसं वाटतंय' इचारत्यात. मला वाटलं डागदरनं यांना काय तर सांगितलं असंल. म्हणलं, जायची येळ आली. खोटं मनात घिऊन जाऊ नाय."

हापशाचं खारं पाणी! म्हणून फेस आला नाही. म्हणून अक्षरांच्या पाठीवर ती पांढरी भुकटी. राख नव्हती, मीठ होतं. खारं पाणी उन्हात वाळलं, त्याच्या मिठावर अक्षरं बसली, आणि ताणलेल्या त्या स्वस्त व्हायनलला दुपारच्या तापात आठवलं की आपण पूर्वी सरळ होतो. रोज एकेकाला आठवत गेलं. आणि मामींची भूक गेली ती कशानं? तर माझ्या तोंडाकडं बघून.

मग मीही सांगून टाकलं. अंबिकानं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा हिशेब तपासणाऱ्या मास्तरासारखा झाला.

"म्हणजे आईचं गंगाजल सृष्टी प्यायली."

"हो."

"त्यातलं खारं पाणी तुम्ही टँकरला लावलं."

"हो."

"आणि आता यात टँकरचं आहे."

"हो."

"आणि कोपऱ्यावर बाटली मिळत होती."

मी उठून कळशीवर झाकण ठेवलं.

"आता मी मरू कशी?" मामींनी विचारलं. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "परत काशी गाठावी लागंल. पाव्हणं न्हेतील."

तात्यासाहेबांचं म्हणाल तर मुनीरचाचांनी दोन वाक्यांत उलगडलं. तिथं पूर्वी त्यांच्याच नावाचं स्टिकर होतं, तेवढ्या जागेला ऊन लागलं नाही, भोवतीचा रंग उडाला आणि तेवढा गडद राहिला. (लावताना उन्हाच्या झळाळीत, त्यातही एकाच डोळ्यानं, तो फरक मला दिसला नव्हता.) निघालेल्या अक्षराची सावली पत्र्यावर राहते, हे मला तीस वर्षांच्या धंद्यात माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण भरदुपारी ते आठवत नाही.

बन्सी तो भाग घासून रंगवणार होता. मामींनी अडवलं. "राहू दे त्येला. तहानलेला गेलाय." त्यांनी लाल ऑइलपेंटमध्ये बोट बुडवून नावाच्या बाजूला दोन रेघा आणि एक टिपका काढला. त्यांच्या मेंढरांवर गेरूनं करायचे ती खूण. "ह्ये माझं नाव. वाचाया येत नाय त्यालाबी कळतं." तेव्हापासून बन्सी पहिल्या खेपेतला तांब्याभर पाणी तात्यासाहेबांच्या नावानं जमिनीवर ओततो. उचकी थांबली. (मधल्या काळात पाइपाचा वायसरही बदलला. पण बन्सी तांब्याचंच मानतो, आणि मी वाद घालत नाही.)

मी मामींना काशीला नेलं. घाटावर उभ्या राहून त्यांनी एवढी मोठी गंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं पाणी! आन् लायनीत एकबी टँकर नाय." त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. गडू तोंडबंद आहे आणि त्यांना मरायची काही घाई दिसत नाही.

त्या गडूवर एक लाल पट्टी चिकटवलेली आहे. 'रामहरी यांनी हात लावू नये.' तांब्याचा गडू म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड पृष्ठभाग, उभाही गोल आणि आडवाही गोल. मुनीरचाचांकडचं उंची कास्ट व्हायनल आणून, तीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावून मी ती पट्टी तिथं बसवली. आठ उन्हाळे झाले, तिची कडसुद्धा उचललेली नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे काम फोटोत दाखवतो.

तर, सांगितल्याप्रमाणे, खोटा भाग. तात्यासाहेबांची उचकी खरी, गळणारी अक्षरं खरी, टँकरला चिकटून काढलेली माझी वरात खरी. ती पट्टी मी लावली, एवढंच खोटं. मी दोनदा लावून पाहिली आणि दोन्ही वेळा तिला सुरकुत्या पडल्या. तिसरी अंबिकानं माझ्या हातातून घेतली, आणि भाजी ढवळता ढवळता, कोरडीच, चमच्याच्या पाठीनं दाबून अर्ध्या मिनिटात लावून टाकली. एक बुडबुडा नाही.